बँटर: मस्करी माझ्याशी की माझी?

यॉर्कशर काउंटी क्रिकेट क्लबच्या चौकशी अहवालातला एक निष्कर्ष नोव्हेंबर २०२१ मध्ये वर्तमानपत्रांच्या हाती लागला आणि इंग्लंडमध्ये गदारोळ उठला. वंशद्वेषाच्या तक्रारीची ही चौकशी, आणि तक्रारदार होता अझीम रफीक. कराचीत जन्मलेला, लहानपणी इंग्लंडला आलेला, इंग्लंडच्या १९ वर्षांखालच्या संघाचं नेतृत्व केलेला ऑफस्पिनर. पाकिस्तानी वंशाच्या माणसाला उद्देशून इंग्लंडमध्ये जी शिवी वापरतात, तिचं नुसतं पहिलं अक्षर सांगितलं तरी तिथल्या प्रत्येकाला ती कळते. संघातला सहकारी गॅरी बॅलन्स रफीकला ती शिवी वारंवार देत होता. समितीने हे घडल्याचं मान्य केलं आणि पुढे लिहिलं की हे दोन मित्रांमधलं खेळीमेळीचं ‘बँटर’, म्हणजे थट्टामस्करी, होतं. कुणावरही शिस्तभंगाची कारवाई करावी असं काही आढळलं नाही, असं क्लबने त्याआधीच जाहीर केलं होतं. मग मात्र चक्रं फिरली. प्रायोजक निघून गेले, अध्यक्षांनी राजीनामा दिला, क्लबच्या हेडिंग्ले मैदानावर आंतरराष्ट्रीय सामने भरवण्याचा हक्क काही काळ काढून घेतला गेला आणि २०२३ मध्ये क्लबला चार लाख पौंडांचा दंड ठोठावला गेला.

माणसांचा निकाल लागला, शब्दाचा लागला नाही. ‘बँटर’वरचं भांडण आजही चालू आहे, आणि माझ्या मते दोन्ही बाजू ते चुकीच्या जागी लढत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने कामगारांच्या हक्कांचं मोठं विधेयक संसदेत आणलं. गिऱ्हाइकांकडून किंवा बाहेरच्या माणसांकडून कर्मचाऱ्यांचा छळ होऊ नये म्हणून मालकाने शक्य ती सर्व वाजवी पावलं उचलावीत, असं त्यात एक कलम होतं. विरोधकांनी त्याला लगेच ‘बँटर बॅन’ हे नाव दिलं. आता पबमध्ये हसायचीही चोरी, असा त्यांचा सूर. दुसऱ्या बाजूच्या काहींचं म्हणणं असं, की बँटर हे मुळात छळाचंच सभ्य नाव आहे आणि हा शब्द कामाच्या जागेतून गेलेलाच बरा. एक बाजू शब्दाला ढाल करते, दुसरी त्याला आरोपी करते. एका गोष्टीवर मात्र दोघांचं न बोलता एकमत आहे: बँटर म्हणजे विशिष्ट प्रकारची वाक्यं, आणि ती वाक्यं चालतील की नाही एवढाच काय तो प्रश्न. मला हे गृहीतकच मान्य नाही. बँटर हे दोन माणसांमधल्या एका नात्याचं नाव आहे. म्हणून ते बोलणाऱ्याला एकट्याला जाहीर करता येत नाही. ज्याला उद्देशून बोललं गेलं तो ‘हे बँटर होतं’ असं म्हणाला, तर ती साक्ष झाली. बोलणारा तेच म्हणाला तर तो फक्त बचाव.

मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण आपल्या व्याकरणातच ते बसलेलं आहे. ‘त्याने माझ्याशी मस्करी केली’ आणि ‘त्याने माझी मस्करी केली’ या दोन वाक्यांत फरक काय तो एका प्रत्ययाचा. पहिल्या वाक्यात मी खेळातला गडी आहे, दुसऱ्यात खेळाचं सामान. शब्दही आपल्याकडे एकावर एक रचलेले आहेत: थट्टा, मस्करी, चेष्टा, फिरकी, टिंगल, टवाळी, खिल्ली, कुचेष्टा. ‘टिंगल’ला ‘शी’ लावून पाहा, बसत नाही. टिंगल नेहमी कुणाची तरी होते, कुणाशी होत नाही. खिल्ली तर उडवायचीच असते. म्हणजे घडलेला प्रसंग सांगताना मराठी माणसाला शब्द आणि प्रत्यय निवडावाच लागतो, आणि निवडताना तो नकळत सांगून जातो की त्या हसण्यात दुसऱ्याची जागा कुठे होती. इंग्रजीतलं ‘बँटर’ हे नाम अशी कोणतीच जबाबदारी टाकत नाही. ‘इट वॉज ओन्ली बँटर’ या वाक्यात माणूसच नाही. कुणी केलं, कुणाशी केलं, कुणाचं झालं, यातलं काहीही न सांगता वाक्य पुरं होतं.

हा शब्द नेहमीच असा नव्हता, आणि त्याची गोष्ट इथे उपयोगी पडते. १७ व्या शतकाच्या उत्तरार्धात तो लंडनच्या बोलण्यात दिसू लागला. कुठून आला, हे कोशकारांना आजवर लावता आलेलं नाही. तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९० च्या मानवी आकलनावरच्या ग्रंथात, कुणीतरी प्रथम आपल्या मर्जीने अर्थ जोडून रूढ केलेले शब्द म्हणून तीन नावं घेतली. एक ‘शॅम’, म्हणजे बनवाबनवी. दुसरा ‘व्हीडल’, म्हणजे गोड बोलून काढून घेणं. तिसरा बँटर. शेजारी पाहा, दोघेही फसवणुकीच्या घरातले. त्या काळी हे सकर्मक क्रियापद होतं; एखाद्याला ‘बँटर करणं’ म्हणजे त्याला बनवणं, चारचौघांत त्याची फजिती करणं. जोनाथन स्विफ्टला हा शब्द सहन होत नसे. १७१० मध्ये ‘टॅटलर’ या नियतकालिकात त्याने लिहिलं, की ‘मॉब’ आणि ‘बँटर’ या दोन शब्दांची वाटचाल रोखण्यासाठी आपण काही वर्षं शिकस्त केली, पण संख्याबळापुढे हार खावी लागली. दुसऱ्या एका ठिकाणी त्याने या शब्दाचं माहेर लंडनच्या व्हाइटफ्रायर्समधल्या गुंडांकडे दाखवलं. कर्जबुडवे आणि गुन्हेगार जिथे आसरा घेत, ती ही वस्ती. स्विफ्टसारख्या धारदार उपहासकाराला विनोदाचं वावडं होतं असं कोणी म्हणणार नाही. त्याचा आक्षेप मुख्यतः शब्दाच्या हलक्या कुळावर होता, आणि तो आक्षेप मला पटत नाही. कूळ काढून शब्दाची योग्यता ठरत नसते. शिवाय तो हरला, हे आज शब्दच हद्दपार करू पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हवं. पुढच्या काळात शब्द मवाळ होत गेला. ‘एखाद्याला’ बँटर करणं मागे पडलं आणि ‘एखाद्याशी’ बँटर करणं रुळलं. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘ची’चं ‘शी’ झालं. ही त्या शब्दाची तीनशे वर्षांची कमाई आहे. आज तो बचावाला उभा केला जातो तेव्हा कृत्य जुन्या अर्थाचं असतं आणि अब्रू नव्या अर्थाची वापरली जाते. मला या शब्दाबद्दल राग नाही, कळवळा आहे, तो यामुळेच.

हा बचाव कसा चालतो ते पाहा. जानेवारी २०११ मध्ये स्काय स्पोर्ट्सचा एक नामवंत फुटबॉल समालोचक आणि एक निवेदक यांनी, आपला आवाज प्रक्षेपित होत नाही अशा समजुतीने, सामन्यातल्या महिला सहायक पंचाबद्दल शेरे मारले. बाईला ऑफसाइडचा नियम काय कळणार, असा एकूण आशय. एकाला काढलं गेलं, दुसऱ्याने मुलाखतीत ते सगळं बँटर होतं असं सांगितलं आणि मग राजीनामा दिला. ऑगस्ट २०१४ मध्ये एका माजी फुटबॉल व्यवस्थापकाचे आक्षेपार्ह संदेश उघड झाले, तेव्हा व्यवस्थापकांच्या संघटनेने पत्रक काढून त्यांना मित्रामित्रांतलं बँटर म्हटलं आणि लगोलग त्या पत्रकाबद्दल माफीही मागितली. ऑक्टोबर २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांची स्त्रियांबद्दलची जुनी ध्वनिफीत बाहेर आली. त्यांचा खुलासा होता ‘लॉकर रूम बँटर’. फेब्रुवारी २०२२ मध्ये पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या स्वायत्त यंत्रणेने लंडनच्या चेरिंग क्रॉस ठाण्यातल्या पोलिसांचे स्त्रियांबद्दलचे आणि कृष्णवर्णीयांबद्दलचे किळसवाणे संदेश प्रसिद्ध केले. तिथेही बचाव तोच, शब्द तोच. या चारही ठिकाणी एक साम्य आहे आणि ते फारसं कुणी बोलून दाखवत नाही. ज्यांच्याबद्दल बोललं गेलं ती माणसं त्या बोलण्यात सहभागी नव्हतीच. उत्तर द्यायला समोर कुणी नाही, तर मग हे बँटर कुणाशी? दोन पुरुष एकमेकांशी हसले असतील, ते त्यांचं आपसातलं बँटर असेलही. पण त्याचा खर्च तिसऱ्याच्या नावावर पडला. आपण याला कुचाळकी म्हणतो, आणि कुचाळकी उघडी पडल्यावर कुणी तिला थट्टामस्करी म्हटलं तर घरातली म्हातारी माणसंसुद्धा ते ऐकून घेत नाहीत.

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं. इंग्लंडच्या खाणींत, कापड गिरण्यांत, गोद्यांत, सैन्यात आणि ड्रेसिंग रूममध्ये टोमणे हीच जिव्हाळ्याची भाषा राहिली आहे. ज्या पुरुषांना एकमेकांबद्दलची माया शब्दांत सांगायची सवय नाही, ते एकमेकांच्या टकलावर, पोटावर आणि हरलेल्या फुटबॉल संघावर बोलून ती सांगतात. बाहेरच्या शिकल्यासवरल्या माणसाला त्यात फक्त उर्मटपणा दिसतो, आणि तो नियम घेऊन येतो तेव्हा कष्टकऱ्यांच्या जगण्यातली एक ऊब काढून घेतो. हे म्हणणं खोटं नाही. मी ते स्वतः अनुभवलं आहे.

यॉर्कशरमधल्या एका गोदामाच्या कार्यालयात मी अकरा वर्षं काम केलं. पहिले तीन महिने सगळे माझ्याशी अतिशय सभ्यपणे वागले. दार धरून ठेवायचे, हवेबद्दल विचारायचे, माझ्यासमोर जपून बोलायचे. तो सभ्यपणा तिथल्या थंडीपेक्षा जास्त बोचायचा. आपसात ते ज्या मोकळेपणाने एकमेकांवर तुटून पडत, त्यातलं माझ्या वाट्याला काही येत नसे. एका सकाळी कँटीनमधल्या शेगडीवर मी पातेल्यात दूध, पाणी, आलं आणि पावडर घालून चहा उकळवत होतो. फोर्कलिफ्ट चालवणारा साठीचा एक गृहस्थ मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘काय गुन्हा केलाय रे त्या चहाने, एवढा छळतोयस तो?’ मी म्हणालो, ‘तुम्ही पुडी बुडवता आणि बाहेर काढता. तो चहा नव्हे, चहाची आंघोळ.’ कँटीन हसलं. त्या दिवसापासून मी त्यांच्यातला झालो. म्हणून, टोमणे बंद झाले तर सगळ्यात जास्त नुकसान परक्या माणसाचं होईल, त्याच्या वाट्याला जन्मभर फक्त हवामान येईल, असं कुणी म्हणतं तेव्हा मला ते खोडून काढता येत नाही. समान वागणुकीत समान चिडवणंही येतं.

पण त्याच इमारतीत दुसरीही एक गोष्ट घडत होती. माझ्या पाळ्या लावणारा आणि रजा मंजूर करणारा माणूस, मी फोनवर बोलत असलो की मागे उभा राहून माझ्या इंग्रजी उच्चारांची नक्कल करायचा. मान हलवायचा. आसपासची माणसं हसायची, काही नजर वळवायची. दोन वर्षांनी एकदा मी त्याला सांगितलं की मला हे आवडत नाही. त्याने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘इट्स ओन्ली बँटर, मेट.’ त्यानंतरही नक्कल थांबली नाही, फक्त आता तिच्या आधी माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला जाऊ लागला. दोन्ही प्रसंगांत विषय एकच होता, माझं भारतीय असणं. चहाचा शेरा शब्दांत मांडला तर नकलेइतकाच टोचरा ठरेल. मग मला एकाने माणसांत घेतलं आणि दुसऱ्याने बाहेर काढलं, ते कशामुळे? चहाच्या वेळी मला उत्तर देता आलं. नकलेला मी काय उत्तर देणार होतो? ग्राहक फोनवर असताना त्याच्या यॉर्कशरी बोलण्याची नक्कल करू? माझी पुढच्या महिन्याची पाळी त्याच्या हातात होती.

मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन याने १९४० मध्ये थट्टेच्या नात्यांवर एक निबंध लिहिला. त्याचं सांगणं थोडक्यात असं: अनेक समाजांत काही नाती अशी असतात की त्यांत एकाने दुसऱ्याची थट्टा करायला रूढीची परवानगी असते, काही ठिकाणी तर सक्ती असते, आणि दुसऱ्याने राग मानायचा नसतो. या नात्यांचे त्याने दोन प्रकार केले. एकात दोघेही एकमेकांना चिडवतात, दुसऱ्यात एकजण चिडवतो आणि दुसरा ऐकून घेतो. महाराष्ट्रातल्या कुणालाही हे नवीन वाटणार नाही. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, लग्नघरातल्या दोन्हीकडच्या विहिणी यांची थट्टा चालते. सून-सासऱ्याची चालत नाही. शिमग्याला शिव्या देण्याची आणि बोंब ठोकण्याची मोकळीक असते, पण तिला तिथी असते. शिमगा सरला तरी कवित्व उरलं, असं आपण नाराजीने म्हणतो, ते ती तिथी ओलांडली म्हणूनच. तमाशातला सोंगाड्या सावकाराची आणि राजाची रेवडी उडवतो, समोर बसलेला पाटीलही ते हसून घेतो. तोच पाटील दुसऱ्या दिवशी चावडीवर त्या सोंगाड्याची रेवडी उडवू लागला, तर त्याला कुणी बतावणी म्हणेल का? या सगळ्या मोकळिकी कुणी, कुणाशी, कुठे आणि कधीपर्यंत या चौकटीत बसवलेल्या आहेत. गावाला ती चौकट ठाऊक असते. ड्रेसिंग रूममध्ये आणि कार्यालयात ती ठाऊक नसते, किंवा ती ज्यांनी ठरवली ते आधीपासून आत असलेले लोक असतात. नवा माणूस येतो तेव्हा रूढी त्याच्या अंगावर पडते, तो तिच्यात सामील झालेला नसतो. त्याने हसून घेतलं, म्हणजे त्याने संमती दिली असं धरायचं? माझी नक्कल सुरू झाली त्या पहिल्या आठवड्यात मीही हसलो होतो.

इथे बॅलन्सच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडायला हवा. त्याने निवेदनात म्हटलं होतं की आम्ही जिवलग मित्र होतो आणि खाजगीत दोघेही एकमेकांना नको ते बोललो. तो झिंबाब्वेत जन्मलेला; रफीक त्याला ‘झिम्बो’ म्हणत असे, हेही अहवालात आलं होतं. मग ‘शी’चा निकष इथे पुरा होत नाही का? दोघेही बोलत होते, दोघेही ऐकत होते. वरवर पाहता हो. पण दोन्ही शब्दांचं वजन सारखं आहे का? बॅलन्सला दिलेल्या नावामागे इंग्लंडच्या रस्त्यांवरचा काही इतिहास नाही. रफीकला दिलेल्या शिवीला जोडून १९७० च्या दशकात ठोकून काढण्याच्या ‘खेळा’चं एक जोडनाव तयार झालं होतं, आणि दक्षिण आशियाई चेहऱ्याचा कुणीही, मग तो बांगलादेशी असो की शीख, त्या टोळ्यांच्या हाती सापडे. मे १९७८ मध्ये अल्ताब अली हा बांगलादेशी तरुण कापड कामगार पूर्व लंडनमध्ये कामावरून घरी परतताना वंशद्वेषातून भोसकून मारला गेला. तिथल्या बागेला आज त्याचं नाव आहे. त्या शिवीचा उच्चार झाला की हे सगळं तिच्याबरोबर खोलीत येतं, बोलणाऱ्याच्या मनात असो वा नसो. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, असं आपण म्हणतो तेव्हा मांजर दुष्ट आहे एवढंच सांगायचं नसतं. मांजराला खरोखरच तो खेळ वाटत असतो, हे त्यातलं खरं दुःख आहे. बॅलन्सच्या मैत्रीवर मी शंका घेत नाही. मैत्रीतून बोललेला शब्द हलका होतो, ही त्याची समजूत चुकीची होती.

रफीकबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सांगितली नाही तर हा लेख एकतर्फी होईल. अहवाल गाजला त्याच महिन्यात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, त्याचे २०११ मधले ज्यूविरोधी संदेश समोर आले. त्याने जाहीर माफी मागितली आणि माझ्याकडे कोणतीही सबब नाही असं स्पष्ट सांगितलं. सबब तर तयार होती. दोन तरुण खेळाडूंमधली जुनी, खाजगी देवाणघेवाण. ‘बँटर’ म्हटलं असतं तर क्लबचाच युक्तिवाद त्याच्या कामी आला असता. त्याने तो शब्द उचलला नाही.

चेतेश्वर पुजाराची गोष्ट याहून साधी, म्हणून मला जास्त बोलकी वाटते. यॉर्कशरकडून खेळताना त्याला तिथे ‘स्टीव्ह’ म्हणत. नाव उच्चारायला अवघड, म्हणून. यात शिवी नाही, द्वेष नाही. हे टोपणनाव आपण सुरू केलं असं सांगून जॅक ब्रुक्स या गोलंदाजाने नोव्हेंबर २०२१ मध्ये पुजाराची माफी मागितली; तेव्हा त्यात गैर काही वाटलं नव्हतं, आता ते आदर नसलेलं वाटतं, अशा अर्थाचं तो बोलला. कसोटी सामन्यांत दिवसच्या दिवस खेळपट्टीवर उभा राहणाऱ्या फलंदाजाचं चार अक्षरी नाव शिकायला एक दुपार पुरली असती. टोपणनाव ठेवणं ही जगभरच्या ड्रेसिंग रूमची रीत आहे, हे खरं. पण टोपणनाव माणसाच्या एखाद्या खोडीवरून पडतं, त्याला ओळखल्याची ती खूण असते. इथे नाव पडलं ते त्याला ओळखायचे कष्ट वाचावेत म्हणून.

‘ऐकणाऱ्याने ठरवायचं म्हटलं तर कुठलाही हळवा माणूस उद्या कुणालाही गुन्हेगार ठरवेल’, हा आक्षेप राहतो. तो गंभीर आहे, आणि २०२४ च्या त्या विधेयकावर टीका करणाऱ्यांनी कानावर पडलेल्या परक्या गप्पांचं काय, हा विचारलेला प्रश्नही रास्त आहे. पण ब्रिटनचा २०१० चा समानता कायदा एवढा भाबडा नाही. त्यातलं २६ वं कलम छळाची व्याख्या करताना बोलणाऱ्याचा हेतू किंवा बोलण्याचा परिणाम, दोन्ही पाहतं. पण परिणाम तपासताना ऐकणाऱ्याला काय वाटलं, आजूबाजूची परिस्थिती काय होती आणि तसं वाटणं वाजवी होतं का, हे तिन्ही विचारात घ्यायला सांगतं. ते प्रत्यक्षात कसं चालतं याची दोन उदाहरणं पुरेत. विक्री विभागातल्या एका कर्मचाऱ्याला सहकाऱ्यांनी त्याच्या जाडीवरून, केसांच्या रंगावरून आणि भटक्या समाजाला हिणवणारी शिवी जोडून चिडवलं होतं. २०१८ मध्ये अपील लवादाने तो छळ नाही हा निर्णय कायम ठेवला, कारण त्या कार्यालयात सगळेच एकमेकांना असं बोलत आणि तक्रारदार स्वतः त्यात हिरिरीने सामील होता. उलट २०२२ मध्ये दुसऱ्या एका लवादाने कारखान्यातल्या एका कामगाराला टकलावरून दिलेली शिवी हा छळ ठरवला. ‘आता टकल्या म्हणणंही गुन्हा’ अशी त्याची बातमी जगभर गेली. बातमीत बहुधा हे राहून गेलं की ती शिवी मारण्याच्या धमकीबरोबर दिली होती, आणि त्या कारखान्यातली रोजची भाषा रांगडी होती हे लवादानेही मान्य केलं होतं. शब्द पाहिले तर पहिलं प्रकरण जास्त गलिच्छ होतं. लवादांनी नातं पाहिलं. वृत्तपत्री वादात ज्याचा मागमूस नाही तो विवेक न्यायाधीशांच्या टेबलावर आधीच आहे.

आणि हे सगळं इंग्रजांचं लफडं म्हणून आपण पाहत बसू नये. पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत हा शब्द आता सर्रास ऐकू येतो, पण सबब आपल्याकडे त्याच्या आधीपासून आहे: ‘गंमत केली रे, एवढं काय मनाला लावून घेतोस.’ वसतिगृहांतल्या ज्येष्ठ मुलांनी ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगबंदीचा कायदा केला, तेव्हा त्याच्या व्याख्येत शारीरिक इजेबरोबर चिडवणं आणि अंगाशी येणाऱ्या खोड्या यांचाही समावेश करावा लागला, तो उगाच नव्हे. राखीव जागेवरून आलास ना, हे हसत विचारणारे मला कॉलेजात भेटले आहेत. विचारणाऱ्याला तो विनोद वाटायचा आणि ज्याला विचारलं तो पुढे वर्षभर मागच्या बाकावर बसायचा. ईशान्येकडच्या मुलांना डोळ्यांवरून हाका मारणारे, दक्षिणेकडच्या सगळ्यांना एकाच नावाने ओळखणारे आपल्यात कमी नाहीत. मस्करीची कुस्करी होते हे आपली म्हणच सांगते. ती होते तेव्हा आपण सगळं हसण्यावारी नेतो, आणि हसण्यावारी नेणारा नेहमी तोच असतो ज्याचं काही गेलेलं नसतं.

मग चालू बोलण्यात, कायद्याचं पुस्तक न उघडता, हे ओळखायचं कसं? माझ्यापुरती मला एक खूण सापडली आहे: थांबवता येतं का? मारामारी आणि कुस्ती यांतला फरक आखाड्याबाहेरच्या माणसाला डावांवरून कळणार नाही, पण एकाने जमिनीवर थाप मारली आणि दुसऱ्याने पकड सोडली की कळतो. यॉर्कशरच्या समितीने शब्द तपासले, मैत्री तपासली, हेतू तपासला. रफीकने ‘पुरे’ म्हटलं असतं तर त्या खोलीत कुणी थांबलं असतं का, हा प्रश्न विचारला असता तर अहवालातलं ते वाक्य लिहायला हात धजला नसता, असं मला वाटतं.

तो फोर्कलिफ्टवाला गृहस्थ माझ्या चहावर रोज काहीतरी बोलायचा, मीही सोडत नसे. आमच्या आईच्या आजारपणात मी सहा आठवडे गावी होतो. ती गेली. परत आलो त्या सकाळी मी पातेलं शेगडीवर ठेवलं, तो आला, बाजूला उभा राहिला आणि एक शब्दही बोलला नाही. चहा झाल्यावर त्याने आपला कप पुढे केला. त्याने आमचा चहा घेतल्याचं त्याआधी मी कधी पाहिलं नव्हतं. पुढे दोनेक आठवडे तो असाच येत राहिला, गप्प. मग एक दिवस पातेल्यात डोकावून मला विचारलं, ‘आज बोललं तर चालेल?’